कोरडे हात

"हात पुस! आधी हात पुस, मग धर!" मामा ओरडला.

"पुसतेय रे! पण ती पळेल ना!" पिटुकली जागच्या जागी नाचत म्हणाली.

"काही पळत नाही. चष्मिस, माझ्या कमरेचं फडकं दे तिला. ताई, तू फोटो काढ. आणि कुणी पाण्यात पडू नका, मला एका वेळी एकच मासा बाहेर काढता येतो!"

काठावरच्या सपाट दगडावर राणी थडाथडा उड्या मारत होती. तळ्यातली ही सगळ्यात मोठी मासळी. शेपटीला एका बाजूला खाच होती, त्यामुळे ती लगेच ओळखू यायची. दर सुट्टीत मामा तिला एकदा गळाला लावायचा, पोरांना दाखवायचा आणि परत सोडायचा. मोठी मासळी अंडी घालते, म्हणून ती पाण्यात परत सोडायची, हा तळ्याचा नियम होता आणि मामा नियमाचा एकदम पक्का.

ताई आणि पिटुकली या सख्ख्या बहिणी. चष्मिस त्यांचा मामेभाऊ, म्हणजे मामाचा मुलगा. मामा सुतार होता. त्याच्या उजव्या हाताला अंगठ्याशेजारचं बोट नव्हतं. तरुणपणी एकदा ओल्या हातानं लाकूड धरलं, ते निसटलं आणि बोट करवतीखाली गेलं. तेव्हापासून हात कोरडे केल्याशिवाय मामा कशालाच हात लावत नसे, अगदी चहाच्या कपालासुद्धा नाही! त्याच्या कमरेला एक खरखरीत फडकं कायम खोचलेलं असायचं. "काम करायचं तर नीट, नाहीतर करूच नये," असं तो दिवसातून दहादा तरी म्हणायचा आणि पोरं मागून त्याची नक्कल करायची.

पिटुकलीचे तळवे त्यानं स्वतः पुसले, बोटांच्या बेचक्यांसकट. मग राणीला दोघांनी मिळून उचललं. फोटोत पिटुकलीचे पुढचे दोन दात नव्हते, पण हसू मात्र या कानापासून त्या कानापर्यंत होतं.

राणीला पाण्यात सोडलं. क्षणभर ती तिथंच थांबली आणि मग शेपटी हलवून खोल पाण्यात निघून गेली.

"पुढच्या सुट्टीत ये गं!" पिटुकलीनं तिला बजावलं.

आठवडाभरानं सकाळी तिघं तळ्यावर आली, तर धक्क्यापाशी ही गर्दी! काठाला चार-पाच मोठे मासे मरून पडले होते. मत्स्य विभागाच्या अधिकारी बाई त्यांच्याजवळ उकिडव्या बसल्या होत्या. गळ टाकणाऱ्या प्रत्येकाचा परवाना बघायचा आणि त्यानं धरलेला मासा टेपनं मोजायचा, हे त्यांचं काम. म्हणून पोरांनी त्यांचं नाव टेपबाई ठेवलं होतं, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

"खवले निघालेत," बाई उठत म्हणाल्या. "जाळ्यात घासल्याशिवाय असं होत नाही. कुणीतरी चोरून जाळं टाकतंय. आणि या तळ्यावर नाव एकाच माणसाकडे आहे."

सगळ्यांच्या माना नावाडीकाकांकडे वळल्या.

"बाई, मी वल्हं मारतो, जाळं नाही मारत!" काकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "लोकांना फिरवून आणतो, एवढंच माझं."

"ते चौकशीत कळेल. तोवर नाव बंद. जाळं सापडलं, तर कायमची बंद." बाईंनी नावेला साखळी घालून कुलूप लावलं. तेवढ्यात त्यांना मामा दिसला. "बघा, यांच्यासारखं वागायला काय होतं? इतकी वर्षं मासे धरतात, पण एक मोठा मासा कधी घरी नेला नाही!"

मामा बिचारा संकोचून गेला. नावाडीकाका मात्र पालथ्या बादलीवर बसले आणि नुसते नावेकडे बघत राहिले. या तिघांना पोहायला त्यांनीच शिकवलं होतं.

"काका असं करणारच नाहीत!" ताई फणकारली. "चला, खरा चोर आपण शोधू."

"पण चोरानं आपल्यालाच धरलं तर?" पिटुकलीनं विचारलं.

"तुला धरलं तर तो तुझी बडबड ऐकून स्वतःच परत आणून सोडेल," चष्मिस म्हणाला आणि त्याला एक चापटी बसली.

तळ्याच्या पलीकडच्या अंगाला लव्हाळ्यांचं रान माजलं होतं. जाळं लपवायचं तर तिथंच. पोरांनी सगळं रान पालथं घातलं. चष्मिसची एक चप्पल चिखलानं गिळली ती गिळलीच. जाळं काही मिळालं नाही, पण लव्हाळ्यात अडकलेला एक मेलेला मासा मिळाला.

"हे बघ," चष्मिस वाकून म्हणाला, "जाळ्याची खूण चौकडीची असते. ही तशी नाहीच!"

माशाच्या कुशीवर कापसासारखी पांढरी बुरशी धरली होती. पण ती सगळीकडे पसरलेली नव्हती. तिला आकार होता.

"अय्या, हा तर हात आहे!" पिटुकली टाळ्या पिटत ओरडली. "चोराचा हात सापडला! हा अंगठा, ही बोटं... पण चोराला एक बोट कमी..."

ती बोलता बोलता थांबली. ताईनं खाली वाकून पाहिलं. अंगठा, मग मोकळी जागा, मग तीन बोटं. रस्ता ओलांडताना लहानपणापासून तिनं धरला होता तोच हात.

चष्मिसनं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. "बुरशी कशीही पसरते," तो म्हणाला. पण थोड्या अंतरावर आणखी एक मासा होता आणि त्याच्यावरही तोच हात होता.

"कुणाला काही सांगायचं नाही!" चष्मिस एकदम म्हणाला. "ते माझे बाबा आहेत!"

"आणि नावाडीकाका?"

"ते... ते दुसरं काहीतरी काम करतील."

हे म्हणताना त्यानं मान वर केली नाही. मग तो तिथंच चिखलात बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. त्याला नेहमी चिडवणारी ताई त्याच्या शेजारी बसली. तिलाही रडू येत होतं. बऱ्याच वेळानं चष्मिस उठला आणि त्यानं मासा स्वतःच उचलून ओल्या गोणपाटात गुंडाळला.

मामाच्या कारखान्यात रंध्याची सरसर चालू होती. खिडकीपाशी अर्धवट झालेली खुर्ची, जमिनीवर लाकडाच्या साली, मामाच्या कानावर पेन्सिल. "काय रे, चिखलात लोळून आलात? चोर सापडला का?"

चष्मिसनं गोणपाट टेबलावर उलगडलं.

मामानं मासा पाहिला. सवयीनं त्यानं फडक्याला हात पुसले, मग उजवा तळवा त्या पांढऱ्या खुणेवर ठेवला. तो बरोब्बर बसला. मामानं किती तरी वेळ हात उचललाच नाही.

"मी तर सगळे सोडले होते," तो शेवटी म्हणाला. "एकूण एक सोडला होता रे." मग त्यानं कानावरची पेन्सिल काढून ठेवली. "चला. त्या माणसाची नाव कुलपात आहे."

धक्क्यावर मामानं बाईंसमोर मासा ठेवला आणि शेजारी आपला हात धरला. बाईंनी आधी मासा पाहिला, मग हात.

"माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो," त्या हळूच म्हणाल्या. "कोरड्या हातानं किंवा फडक्यानं धरलं की तो निघून जातो. मासा पोहत जातो, आपल्याला वाटतं वाचला. पण उघड्या जागी बुरशी धरते आणि काही दिवसांनी तो मरतो. एरवी काही तगतात, पण यंदा पाणी आटलंय, म्हणून एकदम इतके गेले. माशाला धरायचं तर ओल्या हातानंच." त्यांनी हातातली टेप गुंडाळली. "तुम्हाला हात पुसताना मी कितीदा पाहिलंय! मी नुसती टेप बघत राहिले. चूक माझीही आहे."

त्यांनी कुलूप काढलं आणि सगळ्यांदेखत नावाडीकाकांची माफी मागितली. मग त्या पोरांकडे वळल्या. "शाब्बास! जे मला दिसलं नाही, ते तुम्हाला दिसलं!" जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबाव्यात म्हणून चष्मिसनं डोळे गच्च मिटून घेतले. नावाडीकाका त्याच्याजवळ आले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझा बाप स्वतः आला, पोरा. हे विसरू नकोस."

"काका, राणी कुठं दिसली का?" मामानं विचारलं. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

नावेतून सगळे लव्हाळ्यांशी गेले. राणी तिथं, पाण्याकडच्या बाजूला होती. पाण्यावर आडवी झाली होती, पण कल्ले अजून हलत होते. मामा कमरेएवढ्या पाण्यात उतरला. त्यानं कमरेचं फडकं काढून नावेत टाकलं, कोपरापर्यंत हात भिजवले आणि तिला अलगद सरळ धरलं. "चल गं, चल," तो पुटपुटत होता. तो तिला मागेपुढे हलवत राहिला, कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. थोड्या वेळानं कल्ले हलायचे थांबले. तरी मामा तिला हलवतच होता.

ताई नावेच्या कडेवरून वाकली. राणीच्या एका कुशीवर मामाचा हात उमटला होता. दुसऱ्या कुशीवर एक चिमुकला हात होता, पाचही बोटांचा.

मामानंही तो पाहिला. त्यानं चटकन ती कूस पाण्याकडे वळवली आणि खालून आपल्या तळव्यानं ती खूण झाकली.

"मामा," पिटुकली म्हणाली, "मी पण धरलं होतं तिला. माझ्यामुळे..."

"नाही गं बाई! तुझा हात ओलाच होता."

"पण तू पुसला होतास ना?"

"घाईत होतो मी. नीट पुसलाच नव्हता."

पिटुकलीनं सुस्कारा टाकला आणि ताईच्या कुशीत तोंड खुपसलं. ताईनं तिला घट्ट धरलं आणि मामाकडे पाहिलं. तो पाण्यात तसाच उभा होता. पाण्याखालचा हात त्यानं हलवला नव्हता.