सहा मिनिटं गुणिले दहा

तेवीस पंप. तेवीस बॅटऱ्या, काढून खोक्यात ठेवलेल्या. तेवीस वायरी, गुंडाळून रबर लावलेल्या. एक मोजपात्र. भिंतीवर एक घड्याळ.

आणि खोलीत माणूस एकच... माझी थोरली बहीण.

हे घडलेलं आहे. रात्र नव्हती, दिवेही गेले नव्हते. मंगळवार होता, दुपारचे एक वाजून दहा मिनिटं. आकड्यांच्या बाबतीत आमची ताई खोटं बोलत नाही. म्हणजे, त्या दुपारपर्यंत कधी बोलली नव्हती.

ताई सिरिंज पंप बनवणाऱ्या कंपनीत तपासनीस आहे. पंपात औषधाची सिरिंज आडवी बसवायची, तासाला किती मिली द्यायचं तो आकडा टाकायचा. मोटर दट्ट्या हळूहळू ढकलते आणि औषध रुग्णाच्या शिरेत जातं.

एका हॉस्पिटलमध्ये नऊ नंबरच्या खाटेवरची बाई गेली. वेदना कमी करणारं औषध तासाला पाच मिली जायचं होतं. तासाभरात पन्नास मिलीची अख्खी सिरिंज रिकामी झाली. तिचा श्वास मंदावत गेला आणि थांबला. कंपनीने तिथले सगळे तेवीस पंप तपासायला परत मागवले.

सतरा नंबरचा पंप तिच्या उशाशी होता.

त्याच्या पाठीवर स्टिकर होतं. 'तपासले, ठीक.' खाली ताईची सही.

नियमाप्रमाणे प्रत्येक पंप पूर्ण एक तास चालवून पाणी मोजायचं. पण तिथे सगळेच सहा मिनिटं चालवत. अर्धा मिली आलं की गुणिले दहा, झाले पाच. चला, पुढचा पंप.

त्या मंगळवारी सकाळी त्या वॉर्डातली नर्स कंपनीच्या फाटकाशी उभी होती. ताईला तिने तिथेच गाठलं.

"मशीन तुम्हीच तपासता ना? मग नीट बघा हो. मी पाचच टाकलं होतं. हे म्हणतात, पन्नास टाकलंस. बारा वर्षं हेच करतेय मी. पाच आणि पन्नास कळत नाहीत का मला?"

ताई मान खाली घालून आत गेली.

आत साहेब टपूनच बसले होते. "तेवीस पंप, तेवीस तास! इथेच बिऱ्हाड थाटणार आहेस का?"

"निदान सतरा नंबर तरी पूर्ण तास लावते, साहेब."

"लाव की. आणि दोष निघाला तर स्टिकरवर सही कुणाची, तेही लिही. माझी नाहीये हं." ते हसले. "सहा मिनिटं बघ, दहाने गुण आणि जेवायला ये. पाढे येतात ना?"

दुपारपर्यंत बाकीचे बावीस तसेच झाले. मग सगळे जेवायला गेले. ताईने सतरा नंबरची वायर लावली. सिरिंजमध्ये पन्नास मिली पाणी भरलं. आकडा टाकला, पाच.

सहा मिनिटं. मोजपात्रात अर्धा मिली.

तिने पंप बंद केला. वायर काढली. तक्त्यात 'दोष आढळला नाही' असं लिहिलं आणि सही केली.

मोटर थांबली नाही.

स्क्रीन काळी होती. पण आतली बारीक किरकिर चालूच... तिने बॅटरीचा कप्पा उघडला.

रिकामा.

मग पंख्याचा आवाज गेला. पाती फिरत होती, आवाज तेवढा नव्हता.

आणि त्या शांततेत... तिच्या पाठीमागे कुणीतरी श्वास घेतला.

ती गर्रकन वळली. कपाट. भिंत. कुणी नाही.

पुन्हा श्वास... आता अगदी कानाशी.

ती दाराकडे धावली. दार उघडेना. त्या दाराला कडीच नाही, हे सांगताना तिने मला तीनदा सांगितलं.

दुसरं कुणी असतं तर किंचाळलं असतं. ताई मोजू लागली, स्वभावच तिचा तो. मिनिटाला सोळा श्वास. विसाव्या मिनिटाला सोळा. चाळिसाव्या मिनिटाला सोळा.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला किरकिर वाढली. दट्ट्या डोळ्यांना दिसेल इतका भराभर सरकू लागला. मोजपात्रात धार लागली.

श्वास... बारा.

नऊ.

प्रत्येक श्वासाबरोबर मानेवर गार झुळूक.

"ती मदत मागत नव्हती गं," ताई मला म्हणाली. "मला तिथे डांबून ठेवलं होतं तिने. पूर्ण तास."

साठाव्या मिनिटाला श्वास संपला. पंखा पुन्हा खडखडायला लागला. मोजपात्रात पन्नास मिली पाणी.

दार ढकलून साहेब आत आले. दार सहज उघडलं. "काय गं, उपास आहे का आज? झाला तक्ता?"

तक्ता समोरच होता. लिहिलेल्यावर एक रेघ मारली असती तरी पुरलं असतं.

ताईने मोजपात्रातलं पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि तक्ता त्यांच्या हातात दिला.

नर्सची नोकरी गेली. ताईची राहिली.

हे तिने मला आठ महिन्यांनी सांगितलं, तेही मी खनपटीला बसले म्हणून. दुपारी झोपून उठली की तिचे ओठ निळसर दिसायचे. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं.

"अगं मग जाऊन सांग ना, तासाभरात काय झालं ते!"

"आणि सही?" ती म्हणाली. कूस बदलली आणि झोपली.

मी विज्ञान शिकलेली. म्हटलं, तिचे श्वास मोजून बघू. गेल्या रविवारी जेवून ती आडवी झाली, तेव्हा घड्याळ घेऊन उशाशी बसले. चाळीस मिनिटं सोळा. मग पंख्याचा आवाज गेला... मी हाका मारल्या, गदागदा हलवलं. ती उठली नाही. साठाव्या मिनिटाला सात. मग आपणहून जागी झाली आणि चहा मागितला.

आज पुन्हा मोजले.

दहावं मिनिट, सोळा. चाळिसावं, सोळा. पन्नासावं, आठ.

साठावं, चार.