सहाव्या कमानीनंतर

१

ही गोष्ट खरी आहे. खोटी वाटत असेल तर मांडवीला जा आणि आत्माराम वायरमनचं घर विचारा. लोक लांबूनच बोट दाखवतील. बरोबर कोणी येणार नाही.

साल १९८५. गणेश चतुर्थीचा दिवस. वेळ दिवेलागणीची.

आत्माराम पडवीत मेन स्विचखाली उभा होता. पुढे चढणीचं अंगण आणि त्यात फाटकापासून दारापर्यंत सहा कमानी. फाटकाबाहेर वाळू. वाळूपलीकडे समुद्र. अकरा दिवसांत त्या घरात कोणी समुद्राचं नाव काढलं नव्हतं.

कमानी त्याच्या पोराने, लवूने बांधल्या होत्या. बांबू चिरून, भिजवून, वाकवून. एकेकीवर चाळीस बल्ब, प्रत्येक बल्ब रंगात बुडवून दोरीवर वाळवलेला. दाराजवळची सहावी कमान पन्हाळीखाली येत होती, म्हणून ठेंगणी. लवू उंच. त्याला तिच्याखालून वाकून यावं लागायचं. तरी दर वेळी डोकं लागायचंच.

आत मखरापुढे त्याने हलता देखावा केला होता. पुठ्ठ्याची होडी, आणि होडीत वल्हं मारणारा उंदीर.

"गणपती बसला मखरात, उंदीर गेला मासळीला," असं म्हणाला होता तो. त्याची आई, मालन, हसून हसून खाली बसली होती.

नारळी पुनवेनंतर आठव्या दिवशी लवू अयूब तांडेलाच्या लाँचवर गेला. वारा सुटला. लाँच परत आली.

लवू आला नाही.

२

देह मिळाला नाही. खबर नाही.

भटजी म्हणाले, "हाती काही लागलं नाही, तर सुतक कसलं धरणार? जिवंत आहे असंच समजायचं."

मालनने तेवढंच उचललं. सुतक नाही, म्हणजे गणपती घरात येणार. गणपती घरात आला, म्हणजे लवू जिवंत.

शेजारची विमला फाटकात येऊन म्हणाली, "मालन, गणपती आणा बाई, पण रोषणाई कशाला गो यंदा? बरं दिसत नाय."

"लवून बांधल्यान कमानी. त्या लागणार."

"तसं नाय गो..."

"तुझ्या डोळ्यांना त्रास झाला तर खिडकी लावून घे."

विमला गेली.  आत्मारामच्या मनात लवू मेला होता. पण बायकोसमोर तसं म्हणायला त्याला तोंड नव्हतं. म्हणून तो ड्रम करत बसला.

लवूला खरं तर सात कमानी हव्या होत्या. "बाबा, सातवी फाटकाबाहेर वाळूत लावूया. लाँचवरून येताना दिसेल."

"फाटकाबाहेर आपलं काय हाय? सहा बस झाल्या."

हे बोलणं झालं, आणि चार दिवसांनी लवू गेला. सातवीसाठी आणलेले चाळीस बल्ब रंग न लावता खोक्यात राहिले. खोकं खाटेखाली.

३

ड्रम म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पांगाऱ्याच्या लाकडाचा गोल तुकडा. त्यावर तांब्याच्या सहा पट्ट्या. मोटरवर ड्रम फिरतो. एकेक पट्टी आपापल्या पितळी पातीला टेकते, टक वाजतं, आणि त्या पट्टीची कमान पेटते. दुसरी पट्टी टेकली की पहिली कमान विझते. उजेड फाटकापासून दाराकडे धावत आल्यासारखा दिसतो. सहावीनंतर लगेच पुन्हा पहिली.

मध्ये जागा नाही. आत्मारामने स्वतः मोजून पट्ट्या ठोकल्या होत्या. नखभर लाकूड उघडं नव्हतं.

आरती झाली. त्याने बटण दाबलं.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

......

एक.

आत्मारामच्या कपाळाला आठी पडली.

सहावीनंतर अंधार झाला होता. एका ठोक्याचा. पण टक वाजलं होतं...

त्याने मोटर बंद केली. हाताने ड्रम फिरवला. सहा, आणि लगेच एक. बरोबर. मोटर लावली.

सहा.

......

एक.

तीस वर्षं तो वायरी ओढत होता. त्याने पात्या घासल्या, स्क्रू आवळले. अंधार हटला नाही. सहा ठोके उजेडाचे, सातवा अंधाराचा.

आतून मालनने विचारलं, "लागल्या ना सगळ्या?"

"लागल्या," तो म्हणाला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी अयूब आला. लवू गेल्यापासून तो रोज संध्याकाळी लाँच घेऊन बाहेर जायचा. मासळीसाठी नाही. शोधायला.

तो फाटकाच्या आत आला नाही. टोपी काढून हातात धरली.

"आत्मारामभाऊ, काल तुमची रोषणाई बघितली. खाडीच्या तोंडाशी होतो मी. सातही कमानी दिसल्या."

"सहा हायत, अयूबभाय."

"सात."

"मी बांधल्यात... लवून बांधल्यान. सहा."

"तीनदा मोजल्या भाऊ. सहा चढत गेलेल्या, रंगीत. आणि एक खाली. पांढरी." अयूबने वळून वाळूकडे हात केला. "वाळू संपते ना, तिथे. पण तिथे ओहोटीतही जमीन उघडी पडत नाही. तिथे कमरेएवढं पाणी असणार..."

आत्माराम त्याच्या हाताकडे बघत राहिला.

मागे भांडं पडलं. मालन दारात उभी होती.

"तो लावतोय," ती म्हणाली. आवाज अगदी शांत. "तुम्ही नको म्हणालात ती सातवी. तिकडे बसून लावतोय तो."

५

त्या संध्याकाळी आत्मारामने घरातले सगळे दिवे बंद केले. फक्त समई ठेवली, देवापुढची.

कमानी चालू केल्या. सहावी विझली. अंधार झाला. त्याच क्षणी त्याने मोटरचं बटण बंद केलं.

ड्रम थांबला.

त्याने बॅटरी मारली. सहावी आणि पहिली पट्टी, दोन्ही पात्यांपासून दूर होत्या. मध्ये दोन बोटं उघडं लाकूड.

ते तिथे नव्हतंच कधी.

मग त्याने बॅटरी वर केली. भिंतीवरच्या मीटरवर. घरात एक दिवा चालू नाही. कमान नाही. मोटर नाही. मीटरमधली चकती उभी राहायला पाहिजे.

चकती फिरत होती.

तांबडी खूण जात होती, येत होती. जात होती... येत होती. चाळीस बल्ब पेटले की जेवढ्या वेगाने फिरते, तेवढ्याच.

वीज कुठेतरी जात होती.

आत्माराम आत गेला. खाटेखालचं खोकं ओढलं. रंग न लावलेले बल्ब कापसात जसेच्या तसे होते. मोजले. चाळीस.

त्याने एक बल्ब उचलला.

आणि लगेच टाकला.

गरम होता.

६

तिसऱ्या दिवशी मालन म्हणाली, "तो ड्रम अंधारावर थांबवा. रात्रभर थांबवा."

"आपल्या कमानी लागणार नाहीत मग."

"आपल्याला काय करायच्यात? आपण घरातच हाव. त्याला वाट दिसू दे."

आत्मारामला नाही म्हणायचं होतं. पण एकदा नाही म्हणून झालं होतं. त्याने दिवे लागायच्या वेळेला ड्रम उघड्या लाकडावर थांबवला. मोटरची पिन उपटून हातात घेतली.

सगळ्या मांडवीत त्या दिवशी तेवढं एक घर काळोखात होतं.

विमला दर्शनाला आली. "काय गो, लाइट गेली काय?"

"नाय," मालन म्हणाली. "लाइट बाहेर हाय."

विमलाने आत्मारामकडे बघितलं आणि प्रसाद न घेताच गेली.

मालनने उंबऱ्याशी टॉवेल ठेवला. लवूचा सदरा, लेंगा. कोरडे. आणि बसली. आत्माराम मेन स्विचजवळ उभा राहिला. डोक्यावर चकतीची बारीक घरघर.

लाटांचा आवाज येत होता.

मग कमी झाला.

मग... येईना.

टक.

आत्मारामने हातातल्या पिनेकडे बघितलं. ड्रमकडे बघितलं. ड्रम हलला नव्हता.

फाटकाची कमान पेटली होती. रंगीत बल्ब, पण उजेड पांढरा.

टक.

पहिली विझली. दुसरी पेटली.

"आला," मालन म्हणाली.

टक. तिसरी. कमानीखाली कोणी नव्हतं. अंगणातलं गवत दिसत होतं, तुळशीवृंदावन दिसत होतं. माणूस नव्हता.

टक. चौथी. ओल्या दोरखंडाचा वास आला.

टक... पाचवी. आता ठोक्याला वेळ लागत होता. दमलेला माणूस चढणीवर पाऊल टाकतो तसा.

टक.

सहावी. दाराजवळची. ठेंगणी.

तिच्या वरच्या बाजूचे चार बल्ब हलले. आपोआप, एकमेकांवर आपटून. कोणी वाकावं आणि तरी डोकं लागावं, तसे.

मालनने दोन्ही हात पुढे केले. "ये रे बाबा. ये."

आणि आत्मारामच्या मनाने ठोके मोजले. सवयीने. पाचव्यानंतर सहावा. सहाव्यानंतर...

सहाव्यानंतर अंधार.

पुढचा ठोका घरात पडणार होता. उंबऱ्याच्या आत. जिथे कमान नाही, समईचा उजेड पोचत नाही, तिथे ते उभं राहणार होतं. आणि आत्मारामला ते दिसणार नव्हतं.

त्याचं पोर होतं. त्याला माहीत होतं, त्याचंच पोर आहे.

त्याने मेन स्विच खाली ओढला.

 

......

 

१

सहावी कमान विझली.

टक वाजलं नाही. बराच वेळ वाट बघूनही वाजलं नाही. मग लाटांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मालनचे हात तसेच पुढे होते. तिने मान वळवली नाही.

"काय केलंत?"

आत्मारामचा उजवा हात अजून मेन स्विचवर होता.

"काय केलंत तुम्ही?"

"मी भ्यालो," तो म्हणाला.

तिने उंबऱ्यावरचा सदरा उचलला. नीट घडी केली. लेंग्याची घडी केली. समईच्या उजेडात देवाला लांबूनच हात जोडले, आणि मखराकडे पाठ करून बसली.

"आता धरा सुतक," ती म्हणाली. "आज गेला तो. त्या दिवशी नाय. आज."

दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या. त्या आल्या नाहीत. सुतकाच्या घरातला गणपती शेजारच्यांनी सकाळीच उचलला आणि मुकाट्याने पाण्यात सोडला. उंदराची होडी कोणीतरी पडवीच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली.

अयूब फाटकाबाहेर उभा होता. त्याचे डोळे लाल होते.

"काल सातवी एकटीच दिसत होती, भाऊ. बाकी तुमचं घर काळोखात. मग ती हलली. पाण्यातून वर आली. चढत गेली, चढत गेली, पार दारापर्यंत. मी लाँचवर उभा राहून रडलो. म्हटलं, पोचला पोरगा." त्याने दाराकडे बघितलं. "आणि कोणी बटण बंद करावं तशी..."

त्याची नजर आत्मारामच्या उजव्या हातावर गेली. तो वळला आणि गेला. पुन्हा कधी त्या घराकडे आला नाही.

एक वर्ष सोडून पुढच्या चतुर्थीला आत्मारामने कमानी पुन्हा उभ्या केल्या. त्याच सहा. या वेळी ड्रमवर त्याने आपल्या हाताने दोन बोटं लाकूड उघडं ठेवलं. मग दर वर्षी ठेवलं. एकोणनव्वद सालीही ठेवलेलं लोकांनी बघितलंय.

मालन त्याच्याशी बोलत नाही. जेवण वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. वर्षातून एकदाच तिचा आवाज येतो. चतुर्थीच्या संध्याकाळी, स्वयंपाकघरातून. ती बाहेर येत नाही.

आत्माराम घरातले दिवे बंद करतो. सहावी विझते. तो ड्रम अंधारावर थांबवतो, मोटरची पिन उपटतो. बॅटरी मीटरवर धरतो.

चकती थांबलेली असते.

तो बघत राहतो. तांबडी खूण समोर येऊन उभी असते, हलत नाही. मग आत जाऊन खाटेखालचं खोकं ओढतो. चाळीस बल्बांवरून एकेक करून हात फिरवतो.

गार असतात.

आतून आवाज येतो. "फिरते काय?"

"फिरते," आत्माराम सांगतो.

आणि पिन लावतो.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

......