रेघ वळते ती जागा

ते मोबाइल पालथे घाला बघू. बंद नको, नुसते पालथे. तुमची तोंडं निळी दिसतात आणि माझं बोलणं कुणाच्या कानात शिरतंय आणि कुणाच्या नाही हे मला कळत नाही. गोष्ट मोबाइलचीच आहे, त्यामुळे त्यानेही ऐकली तर बिघडत नाही.

आम्ही भाड्याच्या खोल्यांत राहायचो तेव्हा शेजारी एक मोजणीवाला होता. लोकांच्या जमिनी मोजून द्यायचा. पूर्वी गळ्यात मापाची टेप अडकवून हिंडायचा म्हणून सगळे त्याला टेपच म्हणत. पुढे टेप गेली, मोबाइल आला, पण नाव काही सुटलं नाही. मोबाइल हातात धरून जमिनीच्या कडेने चालायचं, की नकाशावर मागोमाग निळी रेघ उमटत जायची. ती रेघ तिथल्या तिथे घरच्या कॉम्प्युटरवर दिसायची आणि कॉम्प्युटरपुढे बसायची त्याची बायको. हा चालणार, ती नकाशा काढणार. धंदा दोघांचा आणि भांडणही दोघांचं. बाई फटकळ, पण कामाला चोख. आमच्यातली भिंत इतकी पातळ होती की जेवताना त्यांचं भांडण आम्हाला तोंडी लावायला असायचं.

जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजून झाल्यावर त्या दोघांनी स्वतःसाठी एक तुकडा घेतला. गावाबाहेरच्या रस्त्याला, अगदी रस्त्यालगत, सपाट, एक झाड नाही की दगड नाही. घर बांधायचं होतं. बाईने कॉम्प्युटरवर घराचा आराखडाही काढून ठेवला होता, स्वयंपाकघराची खिडकी कुठे येणार इथपर्यंत. परवानगीसाठी जागेचा नकाशा अक्षांश-रेखांशासकट ऑनलाइन भरायचा होता आणि त्याची मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी संपत होती. ती चुकली की गेलं वर्ष वाया. इकडे घरमालकाने खोल्या रिकाम्या करायला सांगून झालं होतं. म्हणजे नकाशा गेला नाही तर दोघं रस्त्यावर.

थंडी सरत आलेली. बुधवार. नऊ वाजून गेले होते. भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला.

"हे काय करून आणलंत?"

"काय झालं आता?"

"मधून सरळ चालून यायला सांगितलं होतं. तुम्ही फिरून गेलात."

"सरळच गेलो की."

"मग ही रेघ काय मी वाकवली?"

झालं होतं असं. सकाळी टेपने चारी हद्दी चालून मोजल्या, त्या बिनचूक आल्या. पण बाईने रात्री नकाशा काढायला घेतला तर, मधून आडवा चालला ती रेघ जागेच्या मध्यावर येऊन वळली होती. काही तरी वाटेत असावं आणि त्याला वळसा घालून माणूस पुढे जावा, तशी. आणि वळलेली तीही काटकोनात.

"मोबाइल चुकला असेल," टेप म्हणाला.

"मोबाइल चुकतो तेव्हा चार हात इकडेतिकडे होतो. काटकोन काढत बसत नाही. जा, परत चालून या. उपग्रहांना काय रात्र नि काय दिवस."

दिवसभर दुसऱ्यांची शेतं तुडवून आलेला माणूस, अजून तोंडात घास नव्हता. काय काय पुटपुटत त्याने स्कूटर काढली ते मी तुम्हाला सांगत नाही, तुमच्या आया मला बोलतील.

जागेवर पोचून त्याने बायकोला फोन लावला, कानात तो इयरफोनचा बोंडूक खुपसला आणि मोबाइल हातात धरून चालू लागला. इकडे ती पडद्यावर बघत होती, भिंतीपलीकडून मला तिचंच बोलणं ऐकू येत होतं.

"वळलात."

"नाही वळलो."

"अहो, मला दिसतंय. वळलात."

त्याने मोबाइल बंद करून चालू केला. पुन्हा चालला. पुन्हा वळली. उलट बाजूने आला, तरी तेच. मग उभा चालून बघितलं, तर रेघ दुसऱ्या अंगाने वळून गेली. शेवटी वैतागून त्याने डिकीतली दोरी काढली, दोन्ही टोकं हद्दीच्या खुंटांना बांधून ताणली आणि दोरी मुठीत धरून चालला. दोरी हातात, दोरी सरळ. अंधारात तिचा पीळ हाताला लागत होता.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

पलीकडून नुसती माउसची टिकटिक आली.

"अगं, बोल की. आली ना सरळ?"

"वळली," ती म्हणाली. "आणि अहो... सगळ्या रेघांच्या मधे आता एक चौकोन राहिलाय. कोरा. तुम्ही सगळीकडून चाललात, पण त्याच्यात एकदाही पाय टाकला नाहीत."

तो मधे उभा राहून बघत होता. बॅटरी मारली. सपाट जमीन, वाळकं गवत.

आता इथे शहाणा माणूस घरी आला असता. पण दोघं रडकुंडीला आलेली, सकाळ जवळ येत चाललेली, आणि दोघांनाही आपलंच खरं करायचं होतं. बाई म्हणाली, "दोरी सोडा. जमिनीकडे बघू नका. मी इथून बघून सांगते तसं चाला."

"बरं."

"डावीकडे. अजून डावीकडे. अहो, अजून."

"अगं, मी वाकडा चाललोय."

"चाला वाकडे. हां... आता थांबा. आता तुम्ही त्याच्या कडेला आहात. एक पाऊल पुढे टाका."

त्याने टाकलं.

भिंतीपलीकडे बाईची खुर्ची मागे सरकली. मी जेवून हात धूत होतो. नळ बंद केला.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही कुठे शिरलात?"

त्याचं उत्तर मला कसं ऐकू येणार. ते त्यानेच मला नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, मोकळ्या जागेत शिरणार कुठे.

"मग तुमचा आवाज का घुमतोय? बंद खोलीत बोलल्यासारखा?"

त्याने वर बघितलं.

"चांदण्या..." तो म्हणाला.

"काय चांदण्या?"

"नाहीत."

"ढग आले असतील."

"नाही... वर काही तरी आहे."

मग नुसता श्वास. फोन चालू होता.

ती आमच्या दारात आली. चेहरा पांढरा पडलेला. म्हणाली, सायकल द्या. मी म्हटलं, थांब, मीही येतो. तर म्हणाली, "तुम्ही दोन मिनिटांत धापा टाकाल आणि मला दोघांना सांभाळावं लागेल. सायकल द्या." तेवढ्या घाबरगुंडीतही तोंड चालू. ते मी तिचं ऐकलेलं शेवटचं फटकळ बोलणं.

तिकडे टेप उभा होता. पाय उचलत नव्हते. चारी बाजूंना काळोख, आणि हात पुढे करायची छाती होत नव्हती. हाताला काही लागलं असतं तर? किती वेळ गेला त्याला कळलं नाही. मग रस्त्यावर सायकल आपटल्याचा आवाज आला. मोबाइलची बॅटरी हलत हलत जवळ आली.

"भूक लागली की आधी सांगायचं, असं कुठेही खांबासारखं उभं राहायचं नाही," ती लांबूनच ओरडत होती. "मला मेलीला रात्रीची ही वणवण. चला, मुकाट्याने बाहेर—"

तिथे तिचं बोलणं तुटलं.

बॅटरी विझली.

कुणी तरी त्याचा हात धरला. गार होता. त्या हाताने त्याला हळूच ओढलं. दोन पावलं. चार. वर चांदण्या दिसू लागल्या. बघितलं तर बायकोच होती.

स्कूटरवर ती मागे बसली. वाटभर तो बोलणी खायच्या तयारीने होता. ती एक शब्द बोलली नाही. दार उघडताना टेप म्हणाला, "चौकोनाचं जाऊ दे, हद्दी घालून नकाशा भरून टाकतो." ती म्हणाली, "राहू द्या ना. काय घाई आहे?"

राहू द्या म्हणाली. ती.

ती आत जेवण गरम करायला गेली. तो कॉम्प्युटरपुढे बसला. नकाशावर त्याची निळी रेघ चौकोनात गेलेली दिसत होती. आणि एक तांबडी रेघ होती. ती बाईची. मोठी जमीन असली की दोघं मिळून मोजायला जात, म्हणून तिच्याही मोबाइलवर तसलंच अ‍ॅप होतं आणि ते सतत चालू असायचं. तांबडी रेघ घरापासून निघाली होती. रस्त्याने गेली होती. जागेत शिरली, कुठे न वळता चौकोनात गेली, थेट निळ्या रेघेपाशी.

तिथून निळी बाहेर आली होती. एकटी.

त्याला वाटलं, तिचा मोबाइल तिथेच पडला. मान वळवली. मोबाइल टेबलावर होता. त्याने तो हातात घेऊन बंद केला. पडद्यावर चौकोनातला तांबडा ठिपका तसाच राहिला.

मग हलला.

"वाढू ना?" आतून ती म्हणाली. इतक्या मऊ आवाजात...

नकाशा गेलाच नाही. पुढे त्यांनी लांब दुसऱ्या खोल्या घेतल्या. त्याआधी महिनाभर आमच्या शेजारीच होते. भिंतीला कान लावला तरी चमच्याचासुद्धा आवाज यायचा नाही. बाई सगळं करते, हसते, नवऱ्याला काय हवं नको बघते. लोक म्हणतात, टेप, नशीब काढलंस. तो अधूनमधून माझ्याकडे येऊन बसतो. एकदा म्हणाला, "दादा, भाजीत मूठभर मीठ टाकलं मी मुद्दाम. तिने निमूट खाल्लं." आणि ढसाढसा रडला.

त्याने तिचं नाव अ‍ॅपमधून काढून टाकलं. कॉम्प्युटर विकला, मोबाइल बदलला. परवा आला तेव्हा नवा मोबाइल माझ्यापुढे धरला. मी चष्मा लावला. जागा ओळखू आली, रस्ता ओळखू आला. मधे तो तांबडा ठिपका होता. चौकोनाच्या कडेकडेने चालला होता. कोपऱ्याशी थांबायचा, वळायचा, पुढच्या कोपऱ्याकडे निघायचा. आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो. बाहेर यायला त्याला वाट काही सापडत नव्हती.