लटकत्या पायाचं माप

"जवळ चालायचंय की लांब?"

आमच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारला जातो. उत्तर मिळाल्याशिवाय बाबा चामड्याला रापीचं पातं लावत नाहीत, आणि मीही त्यांचीच लेक. त्या दुपारी बाबा घरी जेवायला गेले होते. मी मान खाली घालून एका बुटाची टाच घासत होते. दार वाजलं म्हणून सवयीनं विचारलं.

"चालायचंच नाहीये," उत्तर आलं.

मी वर पाहिलं. वाऱ्यानं लाल झालेले गाल, केसांत वितळणारा बर्फ... आणि हातात एक फाटका बूट, ज्याच्या चवड्यातून दोन पोलादी सुळे बाहेर आलेले.

"आमच्याकडे लोक बुटातले खिळे काढायला येतात," मी म्हटलं. "बसवायला आलेले तुम्ही पहिलेच!"

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्त मिटतो, हे माझ्या लगेच लक्षात आलं. नको ते बरं लक्षात येतं माझ्या!

मग त्यानं हात-पाय हलवून सगळं समजावलं. दोन्ही हातांत वाकड्या चोचीच्या कुदळी. त्या कोरड्या दगडाच्या भेगांत अडकवायच्या, पायाचे सुळे नखाएवढ्या खाचेवर टेकवायचे, आणि असं करत वर लोंबणाऱ्या बर्फापर्यंत पोचायचं. जुन्या खाणीच्या कड्याला दगडाचं एक छत होतं. गेल्या हिवाळ्यात त्याच छताखाली त्याचा बूट निसटला, दोरीला झोका घेऊन तो कड्यावर आपटला आणि उजवा पाय मोडला. आता तो पाय डाव्यापेक्षा रुंद झालाय, विकतचे बूट बसत नाहीत.

"थंडी ओसरली की वरचा बर्फ गळून जाईल. त्याआधी एकदा... नाहीतर मला वाटतं, भीती कायमची राहील."

"आणि पुन्हा निसटला तर?"

"म्हणून तर इथे आलोय." त्यानं बूट उलटा केला. "मित्रानं हा तुमच्याकडून शिवून आणला होता. बाकी सगळा बूट गेला, ही शिवण नाही उसवली."

ती शिवण माझी होती. माझे कान गरम झाले.

"बूट त्याला बोचायला नको आणि सुळे दुसऱ्या कुणाला लागायला नकोत, एवढं बघ," जेवून आलेले बाबा म्हणाले आणि स्वतःच्या फळीवरचं सगळ्यात ताठ चामडं माझ्यासमोर टाकलं. मी घोट्याखालीच कापलेला हलका बूट केला. तळव्यात पोलादी पट्टी घातली, म्हणजे तो वाकणार नाही. सुळे बोल्टनं आरपार आवळले आणि आतली डोकी बोचू नयेत म्हणून वर मऊ चामडं चिकटवलं. हा पठ्ठ्या रोज हजर!

"पट्टी बसली का?"

"सकाळीच सांगितलं ना, बसली."

"हो... पण दुपारी?"

अशा माणसाला काय बोलणार!

खाणीत माझ्यासमोर तो पहिल्यांदा ते बूट घालून चढला, आणि अर्ध्यातच त्याची टाच बुटातून सुटली. बूट दगडात तसाच रुतून राहिला आणि हा खाली दोरीला लोंबकळत, एका पायात नुसता मोजा. दोरी धरणारा मित्र खो-खो हसला. मीही हसले... मग त्याचा मोडलेला पाय आठवला आणि हसू थांबलं.

"माझी चूक आहे," तो खाली आल्यावर मी म्हटलं. "तुम्हाला उभं करून माप घेतलं. शिवाय पुढे अंगठ्याएवढी जागाही सोडली. चालणाऱ्याचा पाय पुढे सरकतो ना, म्हणून. पण तुम्ही तिथे उभे असता कुठे?"

दुसऱ्या दिवशी मी त्याला दुकानाच्या तुळईला लटकवलं. गुडघे वाकलेले, पायाची बोटं कड्यावर असतात तशी रोखलेली. मी खाली स्टुलावर, फीत घेऊन.

"हलू नका."

"हात भरून आलेत हो."

"बोलूही नका."

"मग करू काय?"

"लटका!"

लटकणारा पाय वेगळाच असतो. अरुंद होतो, टाच वर ओढली जाते, बोटं आत वळतात. त्याची उजवी टाच मी तळहातात धरली... मोडलेल्या हाडाचा उंचवटा बोटांना लागत होता. इतकं होऊन हा माणूस पुन्हा वर जायला निघालाय! मला त्याचं फार, फार कौतुक वाटलं.

"लटकलेल्या माणसाला 'अहो-जाहो' करू नये," तो हळूच म्हणाला.

"मग काय म्हणू?"

"हे वटवाघूळ इथे काय करतंय?" दारातून बाबांनी विचारलं.

"गि... गिऱ्हाईक आहे, बाबा. माप घेतेय."

बाबांनी चष्मा सारखा केला. त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायाकडे पाहिलं. "टाच अजून आवळ," म्हणाले आणि कामाला बसले.

नवे बूट घालताना तो कळवळला, पण टाच हलली नाही.

कड्याखाली मी मान वर करून उभी होते. तो छताखाली पोचला, आडवा झाला, एक कुदळ सुटली... आणि क्षणभर त्याचा सगळा भार माझ्या शिवणीवर आला. पाय हलला नाही! मग कुदळ बर्फात रुतल्याचा टक् असा आवाज आला, आणि मी रडत होते हे मला मित्रानं रुमाल दिल्यावर कळलं.

खाली आल्यावर सुळ्यांमुळे त्याला धड उभंही राहता येईना. त्यानं माझा खांदा धरला.

"आणखी एक जोड हवाय," तो धापा टाकत म्हणाला. "जमिनीवर उभं राहायचा. तुझ्या बाबांकडे काही मागायचंय... लटकून कसं मागणार?"

"काय मागायचंय?"

त्याचा डावा डोळा जरा जास्त मिटला. "तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. "आधी माप द्यावं लागेल," मी म्हटलं. "या वेळी उभं राहून."

संध्याकाळी तो दुकानात कागदावर अनवाणी, ताठ उभा राहिला. सगळं ऐकून घेतल्यावर बाबांनी शिवणीच्या दोऱ्याला मेण लावलं. मग त्यांनी विचारलं,

"जवळ चालायचंय की लांब?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"लांब, काका."

"मग पुढे अंगठ्याएवढी जागा सोड गं," बाबा मला म्हणाले.