गेरूची रेघ

रविवार, ११ जानेवारी २०२६. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. दीपकच्या डाव्या बरगडीखाली, पाठीकडून पोटाकडे सरकत आलेले फोड सतरा. आणि त्या रांगेच्या दोन्ही टोकांना, शेताला बांध घालावा तशी, गेरूची एकेक जाड रेघ!

तेजस्विनीच्या हातातला टॉवेल गळून पडला. दोन वर्षांपूर्वी स्वतःची किडनी देऊन ज्या देहात तिने आपले आयुष्य रुजवले, उकळलेल्या पाण्यापासून मास्कपर्यंत ज्याच्यासाठी घरभर वाईटपणा पत्करला, त्या देहाची ही दशा... आणि पत्नीलाच ठाऊक नसावी!

“अहो, तुम्ही माणूस आहात की भिंत? गेरू फासून बसलात! कधीपासून?”

“चार दिवस झाले,” दीपक पुटपुटला. “नागीण आहे. आई म्हणाली, कुणाला सांगितलं तर गुण येत नाही.”

सासूबाई लंकाबाई मळ्यातली शेवंती खुडून नुकत्याच दारात आल्या होत्या. “नागिणीचं तोंड अन् शेपूट जुळलं का माणूस जातो, पोरी. म्हणून रेघ आडवी घातली. माझ्या सासऱ्याची अशीच उतरली व्हती.”

“त्यांना दुसऱ्याची किडनी बसवलेली नव्हती, आई! ती टिकावी म्हणून यांची प्रतिकारशक्ती आपणच गोळ्या देऊन दाबून ठेवलीय. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू अंगात दडून बसलेला असतो, तो उठलाय. तुमची रेघ बघून थांबणार आहे का तो? किती वेळा सांगायचं... किती वेळा!”

दवाखान्यात डॉक्टरही वैतागले. “पहिल्याच दिवशी यायला हवं होतं. आता औषध शिरेतून द्यावं लागेल, नाहीतर नागीण अंगभर पसरेल. आणि त्या औषधाचा ताण किडनीवरच येतो. आज रक्तातलं क्रिएटिनिन आधीच २.१ आहे. दीडच्या आत आलं, तर किडनी वाचली समजा.”

बाहेरच्या बाकावर लंकाबाईंनी पदर तोंडाला लावला. “किडनी मीच देणार व्हते गं... शुगर निघाली, मला माघारी धाडलं. जन्म मी दिला, पण जीव तू वाचवला. तेव्हापासून त्याला हात लावायलाबी तुला इचारावं लागतं. वाटलं, एवढं तरी माझ्या हातानं व्हावं...”

ज्या हातांना तेजस्विनीने सतत ‘आधी साबण लावा’ म्हणून दूर सारले, त्या हातांची ही उपासमार तिला कधी दिसलीच नव्हती! तिने ते गेरूचे डाग राहिलेले हात आपल्या हातांत घेतले.

“आई, घरी गेल्यावर यांची पाठ रोज तुम्हीच बघायची. काही दिसलं की रेघ नाही... मला हाक!”

“अन् तू वरडायचं नाय.”

“ओरडणार! पण गाडी काढता काढता.”

रडता रडता लंकाबाई हसल्या, आणि उठून नळाखाली हात खसाखसा धुऊ लागल्या.

आठव्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला. क्रिएटिनिन : १.३.