पहिल्या अंकातला हिरवा पोशाख

तो आत आला आणि हातातला जाडजूड लखोटा त्याने सरळ तिच्या ओल्या पानावर ठेवला. नुकतंच रंगवलेलं आकाश लखोट्याच्या पाठीला चिकटून वर आलं.

"अहो, ते आकाश होतं," ती म्हणाली.

त्याने लखोटा उलटा करून पाहिला. "आता माझ्याकडे आलंय," तो म्हणाला, आणि मग जरा ओशाळून, "परत देता येत नाही ना?"

तिने नवं पान ओढलं आणि पुन्हा पहिल्यापासून ब्रश बुडवला. प्रेमाची सुरुवात म्हणावी असं त्यात काहीच नव्हतं.

त्या कचेरीत चित्रकथांचे अंक निघत. या वेळी एका विज्ञानपटावरून चित्रकथा काढायची होती. चित्रपट लागेल त्याच दिवशी पहिला अंक दुकानात आला पाहिजे, असं ठरलेलं. म्हणजे चित्रपट न पाहताच अंक करायचा. चित्रपट कंपनी संवाद देणार, थोडी छायाचित्रं देणार, तीही काळी-पांढरी. आणि तीही एकटी यायची नाहीत. रोज सकाळी एक माणूस ती घेऊन येणार, दिवसभर राखण करणार आणि संध्याकाळी परत नेणार. तो माणूस म्हणजे हा. दुसऱ्याच दिवशी कचेरीने त्याचं नाव 'लखोटा' ठेवलं. ते शोभूनही दिसलं, कारण तोंड बंद ठेवायचं हीच त्याची नोकरी होती.

ती रंग भरणारी. चित्रकार काळ्या रेघा काढून देई, ती त्यात पाण्याचे रंग भरी, आणि ते पान छापखान्यात जाई. ती बोलीवर लागलेली. हा अंक नीट निघाला तर नोकरी कायम, नाहीतर घरी. घरी मावशी होती, आणि मावशीकडे स्थळांचा तुटवडा नव्हता.

घोडं अडलं ते पोशाखापाशी. चित्रकथेची नायिका एका ओसाड चंद्रावर अडकलेली मुलगी, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अंगावर एकच पोशाख. त्याचा रंग कंपनी सांगेना. म्हणे, लोकांना तो पडद्यावरच कळू दे. संपादकांना सगळे काका म्हणत. काका म्हणाले, "अंदाजाने भर. पण चुकू नकोस."

मग तिने मोर्चा लखोट्याकडे वळवला.

"तुम्ही तो पोशाख पाहिलाय?"

"पाहिलाय काय, इस्त्री केलीय."

"मग रंग सांगा."

"सही करून बसलोय. बोललो की नोकरी गेली."

"बोलू नका. मी एकेका रंगाचं नाव घेते, बरोबर आला की पापणी हलवा."

"तुमच्याकडे बघताना ती उगाच हलते," तो म्हणाला. "फसाल."

तिने मान खाली घातली आणि चंद्राच्या एका विवरात नको तेवढा करडा रंग भरला.

असे दिवस गेले. तो तिचं पाणी बदलून आणी, ब्रश धुऊन देई. तांबडी बाटली मागितली की हमखास हिरवी पुढे करी. तिला वाटे, खोड्या काढतोय. ती हसे. तोही हसे... जरा उशिराने.

पानं छापखान्यात जायचा दिवस आला, तेव्हा आकाश होतं, चंद्र होता, आणि पोशाख मात्र कोराच. ती कोरडा ब्रश हातात धरून बसली होती. तो खिडकीपाशी उभा होता.

"ते कुंपण बघ," तो बाहेर पाहतच म्हणाला. "त्याची पानं बघ."

"मग?"

"तसा."

त्याने नोकरी पणाला लावली हे तिला कळलं. तो 'बघ' म्हणाला, हेही कळलं. तिने अंकभर पोशाख कुंपणाच्या पानांसारखा हिरवा केला.

चित्रपट लागला, त्या दिवशी दोघं शेजारी शेजारी बसली. दार उघडलं, धूर निवळला आणि मुलगी चंद्रावर उतरली. पोशाख भाजलेल्या विटेसारखा तांबडा होता.

फसवलं यानं. पण इतक्यात तो कानाशी वाकून म्हणाला, "बघ. हुबेहूब ती पानं की नाही?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. होता तो निव्वळ आनंद, कुणाच्या तरी कामी आल्याचा. मग तिला त्या बाटल्या आठवल्या, आणि उरलेला चित्रपट तिने पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी अंक टेबलावर टाकला. "दुकानदार हसतायत. हा हिरवा कुणी सांगितला तुला?"

एक नाव घेतलं असतं तर सुटली असती.

"मनानेच भरला," ती म्हणाली.

"मग मनाला घेऊन घरी जा. दुसरा अंक माझा भाचा रंगवेल."

पुढे चित्रपट आठवड्यातच उतरला आणि दुसरा अंक निघालाच नाही, पण ते नंतरचं. त्या दिवशी ती ब्रश गुंडाळून जिना उतरली, तर खाली तो उभा. काकांचा आवाज खालपर्यंत आला होता.

"मी वर जातो," तो म्हणाला. "मीच सांगितलं म्हणून सांगतो. पण चुकलं काय, तेच मला कळत नाहीये. हिरवाच होता तो."

"समोरच्या दुकानाचं दार कुठल्या रंगाचं आहे?"

"हिरवं."

"तांबडं आहे," ती हळूच म्हणाली. "तुला दोन्ही सारखेच दिसतात. वर जाऊ नकोस. एकाची नोकरी गेली तेवढी पुरे."

तो दाराकडे बघत राहिला. एक हातगाडी गेली, एक सायकल गेली.

"म्हणजे तुझा तो स्वेटर..."

"कुठला?"

"पहिल्या दिवशीचा. मी घरी आईला सांगितलं होतं... एक हिरव्या स्वेटरवाली मुलगी आहे म्हणून."

"तांबडा होता तो."

"मग आता?"

"आता काय? आईला जाऊन सांग, चूक झाली." तिने ब्रशांची गुंडाळी दुसऱ्या हातात घेतली. "आणखी काय काय सांगितलं होतंस?"

त्याने सांगितलं. जिन्यापाशी उभ्याउभ्याच, खाली बघत, अडखळत... बराच वेळ लागला त्याला.

ती ऐकून घेत होती. संपल्यावर म्हणाली, "रंग तेवढा चुकला म्हणावं. बाकी सगळं बरोबर आहे."