ओंजळ धर

तहानलेल्या दोस्ताच्या डोळ्यांदेखत ज्यानं कळशीभर पाणी ओतून टाकलं, त्याला खुनी म्हणायला या गावाची जीभ अजून रेटत नाही. "पाय घसरला" म्हणायला मात्र सगळे पुढे.

एवढं बोलून काकासाहेब थांबले. कारखान्यात फिटर होते ते. वीज गेलेली, त्यांच्या ओट्यावर आम्ही पाच-सहा पोरं बसलो होतो. "आमच्या कारखान्यातल्या सहादूनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय," ते म्हणाले. "माझ्या पदरचं यात काही नाही."

दोन मे त्र्याहत्तर. बुधवार, चैत्री अमावास्या. दिवेलागणीनंतर सहादू सायकलला डिझेलचा डबा बांधून सोनईच्या रस्त्यानं उत्तमरावाच्या मळ्यावर निघाला. त्या दुष्काळात आजूबाजूच्या सगळ्या विहिरींना तळ लागला होता. उत्तमरावाच्या विहिरीत मात्र दोन पुरुष पाणी. पण माघातच ते मचूळ झालं, मग खारट. बैल तोंड लावीनात, ऊस पिवळा पडला. उत्तमरावानं कुणाला कळू दिलं नव्हतं. "रातभर इंजिन चालवू," असा त्याचा निरोप होता. "खारं उपसलं का खालून गोड लागंल."

सहादूच्या डोक्यात मात्र रस्ताभर चार जानेवारी होती. तीही अमावास्याच.

त्या दिवशी उत्तमराव, सहादू आणि भीमा समुद्रात मासे धरायला गेले होते. कारखान्यातले तिघं दोस्त. कोकणातला एक तांडेल सहादूच्या ओळखीचा, त्याची होडी. उत्तमरावानं घरून तांब्याची कळशी आपल्या विहिरीच्या पाण्यानं भरून आणली होती. परमुलखाचं पाणी बाधतं म्हणे.

सकाळ मजेत गेली. भीमाच्या गळाला हातभर सुरमई लागली.

"भीम्या लेका, पाटात बुडतोस अन् समुद्र उपसायला निघालास व्हय?" उत्तमरावानं चिडवलं.

"मासा कुटं इचारतोय, पोहता येतं का म्हनून!"

दुपारी इंजिन बंद पडलं. चारी बाजूंना जमीन नाही. तीनपर्यंत होडीतलं पिंप आटलं. राहिली ती कळशी. उत्तमराव तांब्याभर प्याला, सहादूला तांब्या भरून दिला. मग भीमानं हात पुढे केला.

"ओंजळ धर. वरून वततो."

भीमा हसला. त्याला थट्टा वाटली. "धा वरसं एका डब्यात जेवतोय आपन. आन् हितं कोन बघतंय?"

"डबा कारखान्यातला. कळशी घरची हाय."

भीमाच्या घरच्यांनी छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतली होती. आपण जातपात मानत नाही, असं उत्तमराव सभांतून सांगायचा. पण त्या दहा वर्षांत भीमानं त्याच्या विहिरीवर कधी पोहरा सोडला नव्हता.

"ओंजळ न्हाई धरनार," भीमा म्हणाला आणि त्यानं दोन्ही हातांनी कळशी उचलली. ओठांना लागायच्या आत उत्तमरावानं ती हिसकली. "बाटीवली!" म्हणाला, आणि होडीबाहेर उपडी केली. सगळं पाणी.

"वतू नगं!" भीमा झेपावला. होडी कलली. कळशी गेली आणि भीमाही गेला.

तांडेल इंजिनात डोकं घालून बसला होता. आवाजासरशी त्यानं उडी घेतली. अंधार पडेपर्यंत शोधलं. काही मिळालं नाही. रात्री दुसऱ्या एका होडीनं त्यांना ओढून किनाऱ्याला आणलं.

गावात आल्यावर उत्तमरावानं भीमाच्या आईला, साळूबाईला, सांगितलं, "पाय घसरला." तिनं सहादूकडे बघितलं. सहादूनं मान हलवली.

तर त्या बुधवारी रात्री साडेदहाला विहिरीवरचं इंजिन सुरू झालं. पाणी धो धो ओढ्यात पडायला लागलं. उत्तमराव काठावरून बॅटरी मारून पायऱ्या मोजत होता. अकरा वाजता पाणी होतं तिथंच. साडेअकराला... एक पायरी वर.

"सहादू, इंजिन बंद हाय का रं?"

"चालूच हाय की."

दुसरी पायरी बुडाली. मग तिसरी. मग मोजायचं राहिलं.

वास आला. ओल्या जाळ्याचा. सहादूला ओळखीचा.

इंजिन थांबलं. कुणी हात लावला नव्हता.

मग खाली काहीतरी दगडांवर आपटलं. मागं सरलं. पुन्हा आपटलं.

विहिरीत... लाट.

पाणी काठाला आलं. काळं. उत्तमरावाच्या हातातली बॅटरी पडली.

"तहान लागली का, उत्तम?"

आवाजात राग नव्हता. डबा खाताना बोलायचा, तसाच.



"ओंजळ धर."

तो गुडघ्यांवर बसला. त्यानं ओंजळ धरली.

सहादू पळत सुटला. मागं घोट ऐकू येत होते. एक. दुसरा. तिसरा. थांबतच नव्हते...

सकाळी पाणी पुन्हा तळाशी गेलं होतं. वरच्या पायरीवर उत्तमराव गुडघ्यांवरच होता. पोट नगाऱ्यासारखं. ओंजळ तशीच धरलेली, आणि ओंजळीत वाळलेलं मीठ. शेजारी तांब्याची कळशी. तळापासून गळ्यापर्यंत शिंपले चिकटलेले. काठोकाठ भरलेली. सहादूनं बोट बुडवून जिभेला लावलं.

गोड होतं.

त्यानं कळशी खांद्यावर घेतली, साळूबाईच्या दारात नेली आणि चार माणसांदेखत सगळं सांगून टाकलं. माणसांनी ऐकलं आणि आपापल्या घरी गेली. उत्तमरावाच्या मरणाच्या दाखल्यावरही लिहिलं गेलं, पाय घसरून.

साळूबाईनं कळशी कोपऱ्यात ठेवली. आख्ख्या दुष्काळात तिनं त्यातला थेंब घेतला नाही.

 

"आन् आता काका? हाय का ती कळशी?" आमच्यातल्या एकानं विचारलं.

काकासाहेबांनी दाराकडे पाहिलं. साळूबाईची शेजारीण गोजरबाई काडेपेटी मागायला आली होती आणि अंधारात तशीच उभी राहिली होती.

"हाय की," ती म्हणाली. "साळूबाई अन् मी रोज राती काठोकाठ भरून ताटली झाकतो, वर वरवंटा ठिवतो. तरी रोज सकाळी घोटभर कमी असतंय."